बैलघोडा हॉस्पिटलातले कुत्रे

परळ स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला 'बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय' असे पूर्ण नाव सांगितले, तर तो नुसता बघत राहतो. 'बैलघोडा' म्हटले की मीटर पाडतो. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सरकारी आणि रुग्णालय प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्थेचे. पण दोन्ही एकाच आवारात वाढली आणि गिरणगावाने दोघांना मिळून हे एकच नाव दिले. संपादक मंडळाने मला संस्थेचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा प्राचार्यांची नामावळी, इमारतींची उद्घाटने आणि पदव्यांची नामांतरे सोडून लिहीन, असे मी आधीच कळवले. ते सगळे अन्यत्र छापलेले आहे. मला लिहायचे आहे ते कुत्र्यांविषयी. बैल-घोड्यांसाठी काढलेल्या दवाखान्यात कुत्रा हा मुख्य रोगी कसा झाला, आणि त्याचे आजार ओळखायला व बरे करायला आम्ही कसकसे शिकलो, एवढेच.

मुंबईचे आणि कुत्र्यांचे प्रकरण संस्थेहून जुने आहे. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम निघत असे आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. १८३२ साली ही मुदत वाढवली गेली. ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, शिपाई कुत्री मारत फोर्टात शिरले आणि दंगल झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. अंत्यविधीत प्रेताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा 'सगदीद' हा संस्कार त्यांच्याकडे आहे. दिनशॉ माणेकजी पेटिट तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. पुढे कापडगिरण्यांचे मालक झालेल्या याच पेटिटांनी आपल्या पत्नीच्या, साकरबाईंच्या नावाने परळला प्राण्यांचे रुग्णालय उभे करायला हात सढळ सोडला. लहानपणी पाहिलेल्या दंगलीचा आणि या दानाचा संबंध जोडायचा मोह होतो, पण तसा पुरावा माझ्याकडे नाही. रुग्णालयाचे निमित्त रस्त्यावरच्या कष्टाच्या जनावरांचे होते, हे मात्र नक्की.

१८७४ साली मुंबईत दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्था आणि दुसरी घोड्यांची ट्राम. दुसरीमुळे पहिलीला भरपूर काम मिळाले. खांदे सोलवटलेले बैल आणि लंगडणारे ट्रामचे घोडे आणायचे कुठे, याचे उत्तर म्हणून १८८० च्या दशकाच्या पूर्वार्धात रुग्णालय आले. त्याला जोडून २ ऑगस्ट १८८६ रोजी महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे पहिले प्राचार्य. लाहोरचे महाविद्यालय त्याआधी चार वर्षे निघाले होते, कलकत्ता आणि मद्रास नंतर आले. इथून बाहेर पडणारा 'जी.बी.व्ही.सी.' झाला, की संस्थानांत, पलटणीत किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात त्याचे काम ठरलेले असे: घोडा, बैल, म्हैस, फार तर उंट. कुत्री तेव्हाही येत असणारच. साहेबांची टेरिअर, पारशी घरांतली पाळीव कुत्री, कधी रस्त्यावरचे चाकाखाली आलेले पिल्लू. पण त्यांच्यासाठी वेगळी विद्या असते, असे फारसे कोणाला वाटत नव्हते. कुत्रा म्हणजे लहान आकाराचा घोडा, डोस तेवढा कमी करायचा, असा एकूण खाक्या.

कुत्र्याची स्वतंत्र विद्या या देशात आली ती घोड्याच्या मागून, आणि आली रक्ताच्या थेंबातून. १८८० साली डेरा इस्माइल खान इथे ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याने 'सर्रा' झालेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा परजीवी पाहिला. ट्रिपॅनोसोम रोग करतो, हे तिथे पहिल्यांदा दिसले. १८८९ च्या डिसेंबरात पुण्याला इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. आजच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे हे मूळ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख, आणि सर्रा हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा विषय. चार वर्षांत प्रयोगशाळा मुक्तेश्वरला हलली, पण रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहायची सवय पशुवैद्यांच्या हाताला लागून गेली. सर्रा कुत्र्यालाही होतो आणि वाईट होतो. ताप, सुजलेले तोंड आणि पाय, आणि डोळ्यांवर निळसर पडदा. घोड्याचा स्मिअर पाहायला शिकलेल्या माणसाला कुत्र्याचा स्मिअर पाहणे जड गेले नाही.

मग दिसायला लागले ते भलतेच. १९०५ साली एस. पी. जेम्स यांनी भारतातल्या कुत्र्यांच्या पांढऱ्या पेशींत राहणारा परजीवी वर्णन केला. आज त्याला हेपॅटोझून कॅनिस म्हणतात. १९१० साली मद्रासेत डब्ल्यू. एस. पॅटन यांना मद्रास हंटच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात तांबड्या पेशींतला एक बारीक कडीसारखा जीव सापडला, आणि नंतर तोच कोल्ह्यांतही. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शौकासाठी विलायतेहून बोटीने आलेले फॉक्सहाउंड इथल्या गोचिडांच्या तावडीत सापडले, त्यातून विज्ञानाला बबेसिया गिब्सोनी मिळाला. हा जीव आमच्या ओपीडीत आजही ठाण मांडून आहे. विलायती जातीचे कुत्रे आणून त्याला मुंबईच्या दमटात ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा किस्सा ऐकावा असे मला वाटते. पण ते ऐकत नाहीत.

त्याच सुमारास, १९०९ साली, केंब्रिजच्या नटॉल आणि हॅडवेन यांनी कुत्र्यांच्या बबेसियावर ट्रायपॅन ब्लू हा रंग शिरेतून देऊन गुण आणून दाखवला. कुत्र्याच्या हिरड्या निळ्या पडायच्या, पण ताप उतरायचा. घोटाळा असा की मोठ्या आकाराच्या बबेसियावर चालणारे हे औषध गिब्सोनीला लागू पडत नाही. पुढे १९५५ साली डायमिनाझिन आले. आमच्या पिढीने 'बेरेनिल' या नावाने ते वापरले. तेही गिब्सोनीला दाबते, समूळ काढत नाही. शिवाय कुत्र्यात उपकारक डोस आणि मेंदूला इजा करणारा डोस यांत अंतर थोडे. अटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन यांची जोडी या जिवावर खरी परिणामकारक ठरते, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. औषध महाग आहे, म्हणून दुसऱ्या औषधांची जुळवाजुळव करून काम भागवणारे डॉक्टर अजून पुष्कळ आहेत. पॅटनपासून इथवर यायला ९४ वर्षे लागली.

स्मिअर हा शब्द इतक्यांदा आला, तर तो करतात कसा तेही सांगतो. कानाच्या कडेला स्पिरिट लावून सुईने टोचायचे. पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा काचेच्या एका टोकाला घ्यायचा. दुसरी काच तिरपी धरून थेंबाला टेकवायची, रक्त कडेने पसरू द्यायचे आणि एका दमात पुढे ओढायची. हात थांबला की पट्टा पडतो, घाई झाली की शेपूट फाटते. हवेत हलवून वाळवायची, मिथेनॉलमध्ये बुडवायची, मग गिम्सा. पाऊण तासाने धुऊन तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली घ्यायची आणि शेपटाकडून बघत यायचे, कारण परजीवी असलेल्या पेशी कडेला जमतात. पावसाळ्यात परळच्या हवेत स्लाइड लवकर वाळत नाही आणि पाण्याचे बुडबुडे तांबड्या पेशींवर परजीवीसारखे दिसतात. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक कुत्र्यात बबेसिया सापडतो. सर मायक्रोस्कोपची फाइन नॉब थोडी फिरवून दाखवत: खरा परजीवी पेशीबरोबर फोकसमध्ये येतो, बुडबुडा चकाकतो.

गोचीडतापाची दुसरी बाजू या काचेवर सहज दिसत नाही. एहर्लिकिया कॅनिस १९३५ साली अल्जीरियाच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दोनात्यँ आणि लेस्तोकार यांनी शोधला. भारतात त्याची पहिली नोंद मद्रासच्या मुदलियार यांची, १९४४ ची. जगाने त्याची दखल घेतली ती मात्र व्हिएतनाम युद्धात, अमेरिकन लष्कराची कुत्री नाकातून रक्त वाहून मरू लागली तेव्हा. हा जंतू पांढऱ्या पेशीत तुतीच्या फळासारखा पुंजका करून राहतो, पण तो दिसतो आजाराच्या सुरुवातीच्या थोड्या दिवसांत, आणि तोही नशीब असेल तर. मग ओळखायचे कसे? प्लेटलेट उतरलेल्या, पोटावर तांबडे ठिपके, प्लीहा वाढलेली, अंगावर गोचीड किंवा 'महिन्याभरापूर्वी होत्या, काढल्या' असे मालकाचे म्हणणे. एवढ्यावर डॉक्सिसायक्लिन सुरू केले की दोन दिवसांत कुत्रे जेवायला लागते, आणि निदान बरोबर होते असे मागाहून ठरते. हे विज्ञानाला शोभणारे नाही, हे मलाही कळते. आता किट आहे, पीसीआर आहे. तरी किट फक्त प्रतिद्रव्ये दाखवते, म्हणजे जुना संसर्गही होकारार्थी येतो. किटवर दोन रेघा उमटल्या म्हणून चार आठवडे गोळ्या गिळणारी धडधाकट कुत्री मुंबईत कमी नाहीत.

आवारापासून जवळच, जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये, १८९९ साली हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट. पिसाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत परळच्या या दोन संस्था एकाच गोष्टीच्या दोन बाजू सांभाळत आल्या. कुत्रा आमच्याकडे, चावलेला माणूस त्यांच्याकडे. सेंपल यांनी १९११ साली कसौलीला काढलेली मेंढीच्या मेंदूची लस हाफकिनमध्येही बनत असे. पोटातली चौदा इंजेक्शने म्हणून महाराष्ट्रातल्या तीन पिढ्यांना धाक घातला गेला तो तिचाच. या शतकाच्या सुरुवातीला ती बंद झाली, तेव्हा कोणाला वाईट वाटले नाही.

कुत्र्यात रेबीजचे निदान आजही तो जिवंत असताना खात्रीने करता येत नाही. नेग्री यांनी १९०३ साली मेंदूच्या पेशींतले कण दाखवले. सेलर्सच्या रंगात ते किरमिजी उठून दिसतात. १९५८ साली फ्लुरोसंट अँटिबॉडीची चाचणी आली. अंधाऱ्या खोलीत हिरवे ठिपके लखलखले की शंका संपते. दोन्हींना मेंदू लागतो. म्हणून चावलेला कुत्रा जिवंत असेल तर दहा दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवायची, हा जुना नियम अजून टिकून आहे.

या आजारात सगळ्यात फसवे रूप शांत रेबीजचे. कुत्रा चावत नाही, धावत नाही. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी प्यायला जातो आणि पिता येत नाही. मालक घाबऱ्या घाबऱ्या येतो, "डॉक्टर, मटणाचं हाड अडकलंय बघा घशात, दोन दिवस काही खाल्लं नाही." आणि एखादा उत्साही विद्यार्थी मदतीला म्हणून तोंडात हात घालायला पुढे होतो. सर टेबलापलीकडून ओरडत, "हात मागे! आधी विचार, हाड दिलं कोणी आणि कधी?" बहुतेकदा हाड कोणी दिलेलेच नसते. घरच्यांनी लोंबता जबडा पाहून ते मनाशी ठरवलेले असते. खरोखर हाड अडकलेला कुत्रा पंजांनी तोंड ओरबाडतो, अस्वस्थ असतो; जबड्याचा लकवा झालेला मख्खपणे बसून राहतो. हा फरक पुस्तकात दोन ओळींत असतो. आमच्यापैकी अनेकांनी तो हातमोजे चढवता चढवता शिकून घेतला आहे, आणि नंतर लसीचा कोर्सही पुरा केला आहे.

डिस्टेंपरचे थोडक्यात सांगतो, कारण तो लढा आमच्याकडे झाला नाही. १९०५ साली कारे यांनी तो विषाणूचा आजार असल्याचे म्हटले, पण बरीच वर्षे लोक मानेनात. विलायतेतल्या 'द फील्ड' या शिकारीच्या नियतकालिकाने वर्गणी गोळा केली, आणि लंडनजवळ मिल हिलला लेडलॉ आणि डंकिन यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यात रोग उतरवून १९२० च्या दशकाच्या अखेरीस लस काढली. याच फेरेटांमुळे १९३३ साली माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती लागला. कुत्र्यांसाठी जमवलेल्या वर्गणीचा माणसांना झालेला हा फायदा आमच्या पाहुण्या व्याख्यात्यांना सांगायला फार आवडतो. औषध मात्र डिस्टेंपरला अजून नाही. ताप उतरल्यावर पाय उडत राहिलेली कुत्री पाहिली की लस न टोचल्याबद्दल मालकावर रागावायचे, की गप्प बसायचे, ते कळत नाही.

स्वातंत्र्यानंतर शहर बदलले. घोड्यांची ट्राम १९०५ सालीच गेली होती. १९४९ साली आरे कॉलनी झाली आणि म्हशींचे तबेले शहराबाहेर हलू लागले. टेंपो आले, बैलगाड्या संपल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले आणि काही वर्षांनी त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांतून लॅब्रॅडॉर उतरू लागले. महाविद्यालय मुंबई विद्यापीठाकडून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आणि तिथून २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले. प्रत्येक वेळी लेटरहेड बदलले. ओपीडीची रांग त्याआधीच बदलली होती.

ती बदलल्याचे खरे भान दिले ते पार्व्होने. १९७८ सालापूर्वी हा आजार कोणाला माहीत नव्हता. मांजरांच्या पॅनल्युकोपेनियाच्या जातकुळीतला विषाणू कुत्र्यात शिरला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. भारतातल्या पहिल्या नोंदी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या, मद्रासच्या. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू, काल खेळत होते, आज उलट्या आणि रक्ताची हगवण. तिचा वास एकदा आला की विसरत नाही; दारातून आत येतानाच निदान होते. पांढऱ्या पेशी हजाराखाली जातात, आतड्याचे अस्तर गळून पडते. विषाणूवर औषध नाही. जे काही आहे ते सलाईन, पोटॅशियम, उलटी थांबवणारे इंजेक्शन, दुय्यम संसर्गासाठी अँटिबायोटिक, आणि रात्रभर जागणारा माणूस. मोठ्या जनावरांवर वाढलेल्या दवाखान्याला कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या बारीक शिरेत सुई घालून ती तासन्‌तास टिकवणे नवीन होते. आज इंटर्नशिपला आलेला कोणीही ते सहज करतो. त्याला त्यात शिकण्यासारखे काही वाटत नाही, ही प्रगतीच म्हणायची.

पार्व्होने आमच्या फिनेलवरच्या श्रद्धेलाही धक्का दिला. दवाखान्यात फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता, ही समजूत पिढीजात. पण या विषाणूला तेलकट वेष्टण नसते. फिनेलने तो मरत नाही आणि जमिनीत महिनोन्‌महिने टिकून राहतो. त्याला मारते ते ब्लीच. पिल्लू दगावल्यावर घरच्यांनी फरशी फिनेलने चार वेळा पुसावी, महिन्याने नवे पिल्लू आणावे आणि आठ दिवसांत त्याच तक्रारीने दारात उभे राहावे, हे इतक्या वेळा घडले आहे की आता डिस्चार्ज कार्डावर ब्लीचिंग पावडर औषधासारखी लिहावी. लसीच्या बाबतीतही लोक असेच गोंधळतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिद्रव्ये लसीला निकामी करतात, आणि ती नक्की कोणत्या आठवड्यात ओसरतील ते पिल्लागणिक वेगळे. म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. 'तीनदा पैसे कशाला' हा प्रश्न येतो तो इथे.

२६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर माणसांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तेव्हा लोकांचे लक्ष उंदरांवर गेले. कुत्र्यालाही हा आजार होतो, आणि बरा झालेला कुत्रा मूत्रावाटे जंतू सोडत राहू शकतो, हे पशुवैद्यांनी तेव्हा घरोघर समजावले. पिवळे डोळे घेऊन आलेल्या कुत्र्याला मांडीवर बसवून आणणाऱ्या माणसाला आधी साबणाने हात धुवायला सांगायचे, मग पेनिसिलिन.

शेवटचे सांगायचे ते रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा पुन्हा त्याच जागी सोडायचा, हे धोरण २००१ च्या नियमांनी देशभर लागू झाले. १८३२ च्या हुकुमापासून इथे यायला मुंबईला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली. या कुत्र्यांबरोबर एक गाठ दवाखान्यात नित्याची झाली: जननेंद्रियावरची, फुलकोबीसारखी, रक्त ठिबकणारी. संभोगातून पसरणारा हा कर्करोग. १८७६ साली रशियात नोविन्स्की यांनी एका कुत्र्याची गाठ दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. २००६ साली जनुकांवरून सिद्ध झाले की जगातल्या या सगळ्या गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून आलेल्या आहेत. तो कुत्रा कधीच मेला, त्याच्या पेशी लालबागेत फिरताहेत. निदान सोपे आहे. गाठीवर काच दाबायची, रंगवायची. गोल पेशी आणि त्यांत ओळीने बुडबुड्यांसारख्या पोकळ्या. उपचार त्याहून सुखाचा. आठवड्याला एक व्हिंक्रिस्टीन शिरेतून, चार ते सहा आठवडे, आणि बहुतेक गाठी पूर्ण विरतात. कर्करोगात असे यश क्वचितच दिसते. औषध शिरेबाहेर सांडले तर मात्र पायाची कातडी झडते, म्हणून कुत्र्याला धरणारा माणूस हाताचा पक्का हवा.

आणि प्रत्येक डोसाआधी रक्त. पांढऱ्या पेशी ४००० च्या खाली असतील तर त्या दिवशी इंजेक्शन नाही, चार दिवसांनी या. भटक्या कुत्र्याला चार जणांनी पकडून, टेंपो करून आणलेल्या बाई हे ऐकून कपाळाला हात लावतात. "अहो डॉक्टर, याला पकडायला सकाळपासून बिस्किटांचे तीन पुडे गेले!" मग रिपोर्ट त्यांच्यासमोर धरून आकडा दाखवायचा, पुढची तारीख कार्डावर लिहायची आणि टेंपोवाल्याला येताजाता दोन्हीचे भाडे ठरवून घ्यायला सांगायचे.